तारकर्लीचं ‘किड-फ्रेंडली’ पॅकेज: आमचे 51,800 रुपये कसे गेले

पॅकेज होतं 46,800 रुपयांचं. आमचे गेले 51,800. म्हणजे घराबाहेर पाऊल न टाकता सहलीच्या खर्चापेक्षा पाच हजार जास्त. आकडा आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे वाचताना ‘इथे तरी थांबली असेल’ असं वाटत राहील.

टोकन, अ‍ॅडव्हान्स, रिफंडेबल डिपॉझिट, मग ‘सिस्टम एरर’. फसवणुकीचा हा क्रम आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे. मलाही होता. ऑफिसच्या ग्रुपवर असले सावधगिरीचे मेसेज टाकणारी मीच. पण लॉटरी, केवायसी, पार्सल, डिजिटल अरेस्ट याबद्दल सगळे बोलतात. दीड वर्षाच्या पोराच्या पाळण्यावरून कुणी पैसे उकळेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून लिहितेय.

बेत नाताळच्या सुट्टीचा होता. मुलगी पाच वर्षांची, मुलगा दीडचा, सासूबाईंचे गुडघे धरलेले. आमच्या छोट्या गाडीत पाच माणसं, स्ट्रोलर, पॉटी सीट आणि डायपरचा गठ्ठा मावणं शक्यच नव्हतं, म्हणून ड्रायव्हरसकट अर्टिगा घ्यायची ठरली. मुंबई ते मालवण एका दमात मुलांना घेऊन जाणं म्हणजे वेडेपणा. सुट्टीत माणगावलाच तासभर अडकायला होतं. पहिला मुक्काम चिपळूण, दुसरा गणपतीपुळे, मग दोन रात्री तारकर्ली, परत येताना फोंडा घाटातून कोल्हापूर आणि वाईजवळ सासूबाईंच्या माहेरी एक रात्र. दर दोन तासांनी थांबा, दुपारी एक ते तीन गाडी बंद. वहीत सगळं लिहून काढलं होतं. सांगायचा मुद्दा, मी काही उठले आणि पैसे पाठवले अशातली नाही.

एमटीडीसीचं तारकर्ली मिळालं नाही. ओळखीचे दोन होमस्टे भरलेले. मग रात्री फोन चाळताना ती जाहिरात दिसली: ‘लहान मुलांसह कोकण, गाडी आणि राहणं एकत्र.’ खाली नंबर. व्हॉट्सअ‍ॅपवर हाय टाकलं, मिनिटात उत्तर. आडनाव अस्सल मालवणी, डीपीला नारळाची बाग आणि त्यामागे कौलारू घर.

पहिला प्रश्न त्याने काय विचारला? बजेट नाही, तारखा नाहीत. ‘मॅडम, मुलं किती वर्षांची?’ मला बरं वाटलं. आणि मीच सगळं ओतलं. धाकटा रात्री दोनदा उठतो, पाळणा लागतो. मोठीला घाटात उलट्या होतात. सासूबाईंना पायऱ्या नकोत. दूध गरम करायला इंडक्शन हवं. पुढचं प्रत्येक बिल त्याने याच यादीतून काढलं. म्हणून सांगते, अनोळखी माणसाशी पहिल्या फोनवर मुलांची वयं, सवयी, दुखणीखुपणी बोलू नका. खोली आहे का, भाडं किती, एवढंच विचारा.

टोकन 5,000. पाठवले. मग निम्म्या रकमेतले उरलेले 18,400. तेही पाठवले. यूपीआयवर नाव आलं कुठल्याशा ट्रेडर्सचं. विचारलं, तर म्हणे गाडीवाल्याचं आणि होमस्टेचं बिल एकत्र निघतं, खातं अकाउंटंटचं आहे. पैसे पाठवताना वर जे नाव दिसतं ते बँकेतलं नाव असतं. माणूस फोनवर काहीही नाव सांगेल. ते नाव जुळलं नाही की फोन ठेवायचा, अकाउंटंटची गोष्ट ऐकत बसायचं नाही.

आता तो क्षण. हा लिहिताना अजून कानशिलं तापतात.

18,400 गेल्यावर त्याने खोलीचे फोटो पाठवले. पांढरी चादर, खिडकीला जाळी, कोपऱ्यात लाकडी पाळणा. मागोमाग व्हॉइस मेसेज: ‘मॅडम, सकाळी बाळाला दूध पाजताना खिडकीतूनच समुद्रावरचा सूर्योदय दिसेल.’

समुद्रावरचा सूर्योदय. तारकर्लीला. अरबी समुद्रावर.

मेसेज स्पीकरवर होता. सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या, ‘अगं, तिकडं समुद्रात सूर्य मावळतो ना?’ जन्म वाईचा, समुद्र पाहिला तो लग्नानंतर, आणि त्यांना कळलं. मी म्हणाले, ‘आई, मावळतीचंच म्हणायचं असेल त्याला.’ माझ्या आवाजात वैताग होता, तोही आठवतो. त्यांनी पुढची पाकळी उचलली आणि गप्प बसल्या. परत त्या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत, अगदी सगळं उघडं पडल्यावरही नाहीत. त्याचा मला जास्त त्रास होतो.

आता जे म्हणतील की एवढंही कळलं नाही का, त्यांनी रात्री साडेदहाला एक पोर कडेवर, एक पोर होमवर्कसाठी रडतंय, कुकरच्या शिट्ट्या आणि सकाळी सहाची शिफ्ट, अशा वेळी व्हॉइस मेसेज ऐकून दाखवावा. बोलताना माणसाची जीभ घसरते. उगवतीचं मावळतीचं सगळेच करतात. कोकणात राहणारा माणूस ही चूक करणारच नाही हे आज म्हणायला सोपं आहे. तेव्हा 23,400 त्याच्याकडे गेलेले होते, आणि पैसे अडकले की डोकं त्याच्याच बाजूने वकिली करायला लागतं.

दुसरी खूणही होती. तो कशालाच नाही म्हणत नव्हता. पाळणा? होईल मॅडम. तळमजला? होईल. मऊ भात सकाळी सातला? होईल. चिपळूणला उतरल्याबरोबर गरम पाणी? होईल मॅडम, सांगून ठेवतो. नंतर चुलतबहिणीने दिलेल्या नंबरवर मालवणच्या एका खऱ्या बाईंशी बोलले, तेव्हा फरक कळला. त्या म्हणाल्या, ‘पाळणो नाय आसा, पण साडीची झोळी बांधून देतंय.’ इंडक्शन नाही, चुलीवर दूध तापवून देऊ. अ‍ॅडव्हान्स? ‘येवा आधी.’ खरा माणूस अडचणी सांगतो. खरा ड्रायव्हर तर तुमच्या बेताला नावंच ठेवतो. आमच्या ओळखीचा एक आहे, तो म्हणाला असता की ताई, शनिवारी पहाटे पाचच्या आत पनवेल सुटलं नाही तर तुमची वही फाडून टाका.

पुढचे 5,000 चाइल्ड सीटचे. दोन सीट, प्रत्येकी 2,500, ‘पूर्ण रिफंडेबल, मुलांच्या सेफ्टीचा विषय आहे मॅडम.’ यावर कुठली आई घासाघीस करेल? गाडीचा फोटोही पाठवला. अर्टिगा, वर कॅरिअर, एमएच 14 पासिंग, पांढरी पाटी. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी आणि त्यावर काळे आकडे लागतात. स्वतः चालवायला भाड्याने मिळते तिची काळी पाटी आणि पिवळे आकडे. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी, ती भाड्याने देणंच बेकायदा, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. नंतर तो नंबर सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपमध्ये टाकला तर निघाली मोटारसायकल. अ‍ॅप फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. पैसे देण्याआधीची दोन मिनिटं.

शेवटचा घाव 23,400 चा. ‘टोकन वेगळं आल्यामुळे सिस्टममध्ये बुकिंग लॉक होत नाहीये, एकाच एंट्रीत 23,400 टाका, आधीचे दहा मिनिटांत रिव्हर्स होतील. पाळण्याची खोली एकच आहे, पुण्याची फॅमिली होल्डवर आहे.’ टाकले. लगेच मेसेज आला, रिफंड इनिशिएटेड. बँकेचा वाटावा असाच, फक्त आला होता दहा आकडी मोबाइल नंबरवरून. बँकेचा मेसेज अक्षरांच्या नावाने येतो, कुणाच्या मोबाइलवरून नाही. मग रिफंड घेण्यासाठी त्याने क्यूआर पाठवला, स्कॅन करा आणि पिन टाका. तेव्हा नवऱ्याने हातातून फोन ओढून घेतला. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही.

5,000 अधिक 18,400 अधिक 5,000 अधिक 23,400. करा बेरीज.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार दिली, सायबर क्राइम पोर्टलचा पोचक्रमांक आला. हे आधी करा, नातेवाईकांना फोन नंतर. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळतात, जितकं लवकर कळवाल तितकं काही अडकण्याची शक्यता. आमचे 3,212 रुपये कुठल्यातरी खात्यात गोठवले गेलेत. बाकीचे एटीएममधून निघाले.

आणि मग पोलीस ठाणं.

कोणतं ते सांगत नाही, कारण मला तिथे अजून जायचंय. पहिल्या टेबलावर प्रश्न: गुन्हा कुठे घडला? मी म्हटलं, पैसे घरी बसून पाठवले. ‘पण हॉटेल तर मालवणात ना? मग मालवणला जा.’ जे हॉटेल अस्तित्वातच नाही, त्याच्या हद्दीत जा! 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. प्रिंट काढून नेली होती. त्यांनी ती उलटी करून तिच्यावर पेन चालतं का ते पाहिलं. मग, ऑनलाइन तक्रार केलीय ना, मग इथे कशाला? मग, बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह आणा. बँकेत गेले तर म्हणे शिक्का हवा असेल तर पोलिसांचं पत्र आणा. पोलिसांकडे परत, तर ज्यांना पत्र द्यायचं ते साहेब बंदोबस्ताला. कडेवर पोर घेऊन बाकावर बसले होते, समोरून जाणारा प्रत्येकजण विचारतो, काय मोबाइल चोरीला गेला का? शेवटी एक हवालदार म्हणाले, ‘शिकलेली माणसं तुम्ही, असं कसं करता?’ कुणाच्या घरी चोरी झाली तर विचारता का, दरवाजा असणारी माणसं तुम्ही, असं कसं करता?

बँकेची तऱ्हा आणखी वेगळी. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात सांगितलं होतं, तिसऱ्या कुणी परस्पर पैसे काढले आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य. मला ते काउंटरवर वाचून दाखवलं, आणि लगेच सांगितलं की तुम्हाला लागू नाही, पिन तुम्ही स्वतः टाकलाय. बरं. मग ज्या खात्यात एका रात्रीत कुठून कुठून पैसे येऊन सकाळी रिकामं होतं, ते खातं उघडताना केवायसी कुणी केलं? माझ्या सासूबाईंच्या अंगठ्याचा ठसा जुळत नाही म्हणून त्यांची पेन्शन अडवणारी हीच मंडळी. ट्रेडर्सचं दुकान खरंच आहे का हे बघायला मात्र कुणी गेलं नाही. यावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘मॅडम, फीडबॅक फॉर्म भरा.’ बँकेकडे लेखी तक्रार केलीय. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथे जाणारच आहे. लेखीच द्या, पोच घ्या. काउंटरवर बोललेलं हवेत जातं.

आणखी एक, सायबर क्राइम पोर्टलवर संशयित नंबर आणि यूपीआय आयडी शोधायची सोय आहे, अ‍ॅडव्हान्स देण्याआधी तिथे टाकून बघा. तिथे नाव नाही म्हणजे माणूस चांगला, असं नाही, पण असेल तर सुटलात. होमस्टेवाल्याला व्हिडिओ कॉलवर अंगण दाखवायला सांगा, आत्ता, लगेच. माझ्या त्या ‘मालकाचं’ नेटवर्क प्रत्येक वेळी नेमकं व्हिडिओलाच जात होतं. आणि फोटो इंटरनेटच्या इमेज सर्चमध्ये टाकून तो आधी कुठे वापरलाय ते शोधा. तो लाकडी पाळणा मला नंतर केरळातल्या एका रिसॉर्टच्या पानावर सापडला.

गोठवलेले 3,212 परत हवे असतील तर कोर्टाचा आदेश आणा, असं मला तेव्हा सांगितलं गेलं. वकिलाने पहिल्या भेटीचे 1,500 सांगितले.

त्या नंबरचा डीपी परवा बदलला. आता काशीदचा समुद्र आहे आणि खाली ‘बेबी कॉट अव्हेलेबल’. दूरसंचार खात्याच्या ‘चक्षू’ या तक्रारीच्या सोयीवर नंबर कळवला, पोलिसांना स्क्रीनशॉट दिला. ते म्हणाले, तुमची एकटीची केस छोटी आहे, अजून कोणी असेल तर बघू. तर कोणी असेल, ट्रेडर्स नावाच्या खात्यावर पाळण्याचे, चाइल्ड सीटचे पैसे गेलेले, तर पावत्या घेऊन या. एकत्र अर्ज देऊ, म्हणजे केस त्यांना हवी तेवढी मोठी होईल.