पाश्चात्त्य विचारातली लोकशाही : आठ महिने मूळ ग्रंथ वाचल्यानंतर

नोकरी सांभाळून बहिःस्थ एम.ए. करतेय. हा पेपर घेतला तेव्हा एक गाईड आणि सिनियरच्या नोट्स यांवर भागेल असं वाटलं होतं. प्लेटो लोकशाहीविरोधी, रूसो प्रत्यक्ष लोकशाहीवाला, मिल प्रातिनिधिक. प्रत्येकाचे पाच गुण, पाच दोष. सगळं पाठ झालं, कळलं काहीच नाही. मग सप्टेंबरपासून मूळ ग्रंथांचे इंग्रजी अनुवाद घेऊन बसले. रोज पहाटे पाऊण तास, चार-पाच पानं.

पहिला धक्का ॲरिस्टॉटलने दिला. 'पॉलिटिक्स'च्या चौथ्या भागात तो म्हणतो, पदं चिठ्ठ्या टाकून भरणं हे लोकशाहीचं लक्षण, आणि मतं देऊन निवडणं हे मूठभरांच्या सत्तेचं. वाक्य तीनदा वाचलं, पेन्सिलीने खूण केली. अथेन्सचं ५०० जणांचं मंडळ खरोखरच चिठ्ठीने ठरायचं. निवडणूक म्हणजेच लोकशाही, हे मी इतकी वर्षं तपासून न बघता धरून चालले होते. (स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन राहिलेले लोक त्या चिठ्ठ्यांमध्ये नव्हतेच, हेही विसरून चालणार नाही.)

रूसोने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. नोट्समध्ये त्याची 'सामूहिक ईहा' (जनरल विल, म्हणजे सगळ्या समाजाची मिळून इच्छा) म्हणजे बहुमत, असं सरळ लिहिलेलं होतं. ते चूक आहे. 'सोशल कॉन्ट्रॅक्ट' या १७६२च्या ग्रंथात तो सर्वांच्या इच्छांची बेरीज वेगळी काढतो आणि सर्वांच्या हिताकडे बघणारी ईहा वेगळी. हे मला आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये उमगलं. लिफ्टच्या वर्गणीवर तळमजल्याचे नाही म्हणाले, वरचे हो म्हणाले. जो तो आपापला मजला बोलत होता. हात मोजून ठराव झाला, पण इमारतीला काय हवं हे कुणी विचारलंच नाही.

मिल वाचताना मात्र वाईट वाटलं. १८६७मध्ये ब्रिटिश संसदेत स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून दुरुस्ती मांडणारा हा माणूस. बाजूने ७३ मतं पडली, विरोधात १९६. पण ३५ वर्षं ईस्ट इंडिया कंपनीत काढलेल्या याच माणसाला भारतीय लोक प्रातिनिधिक राज्यपद्धतीला अजून लायक वाटत नव्हते. गाईडात यावर एक ओळ नाही, याचा मला राग आहे.

विसाव्या शतकातला अर्थशास्त्रज्ञ शुम्पीटर चार दिवसांत संपला. नेत्यांची मतांसाठीची स्पर्धा एवढीच लोकशाही मानली, तर माझ्यासाठी पाच वर्षांतून एक दिवस उरतो.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई अभ्यासक्रमात नव्हता, तरी वाचला. लोकशाही ही नुसती शासनपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, असं त्याने १९१६मध्ये लिहिलं. कोलंबियात त्याच्या हाताखाली शिकलेल्या बाबासाहेबांनी हेच सूत्र १९३६मध्ये जातिव्यवस्थेला लावलं. दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली, त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला.

परीक्षा महिन्यावर आली असेल तर या वाटेला जाऊ नका, वेळ पुरणार नाही. हाताशी वर्ष असेल तर ॲरिस्टॉटलच्या त्या चौथ्या भागापासून सुरुवात करा. प्लेटो नंतर वाचला तरी चालतो.