ज्वालामुखीतून घडलेले मॉरिशस: खानदेशातील प्रवाशांसाठी सहलीचे परीक्षण

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून मॉरिशसला जाणारी बहुतेक मंडळी एखाद्या सहल कंपनीचे ठरावीक पॅकेज घेतात आणि त्यात समुद्रकिनारा, बोटीची फेरी व खरेदी यांनाच सर्वाधिक वेळ दिलेला असतो. आम्हीही मे महिन्यात सहकुटुंब अशाच एका पॅकेजने गेलो. ‘ज्वालामुखीचे बेट आणि तेथील वन्यजीवन’ असे त्याच्या माहितीपत्रकावर ठळकपणे छापलेले होते. बेट त्या वर्णनाला पुरेपूर उतरले, परंतु त्यातील सर्वांत मोलाचा भाग आम्हाला पॅकेजबाहेर, वेगळे पैसे भरून पाहावा लागला. म्हणून बेटाविषयी आणि सहलीच्या आखणीविषयी स्वतंत्रपणे लिहिणे मला आवश्यक वाटते.

हे बेट पाहण्याचे एक कारण तर खास आपल्या भागातल्या माणसाचेच आहे. धुळे, साक्री, नंदुरबार या पट्ट्यात शेतांमधून सरळ रेषेत दूरवर गेलेल्या काळ्या दगडाच्या अरुंद रांगा आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. जमिनीच्या भेगांमध्ये शिरलेला शिलारस तेथेच थिजून त्या तयार झाल्या. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचे पठार ज्या हॉटस्पॉटवरील (पृथ्वीच्या पोटातून तप्त शिलारस वर येत राहतो अशा जागेवरील) उद्रेकांतून घडले असे भूवैज्ञानिक मानतात, त्याच हॉटस्पॉटने भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकून गेल्यानंतर हिंदी महासागरात सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशसला जन्म दिला. आज तो शेजारच्या रीयुनियन बेटाखाली असून तेथील ज्वालामुखी अजूनही जागा आहे. मॉरिशसवरचे उद्रेक मात्र हजारो वर्षांपूर्वीच थांबले आहेत. उसाच्या शेतांच्या कडेला वेचून रचलेले काळ्या धोंड्यांचे ढीग पाहिले, तेव्हा आपल्या बांधांवरचाच दगड समोर आहे हे आमच्यातल्या प्रत्येकाने ओळखले.

क्युरपीप गावाजवळचे ‘त्रू ओ सेर’ हे ज्वालामुखीचे मुख आज गर्द झाडीने भरलेले आहे. त्याच्या कडेवरून रस्ता फिरतो आणि तेथून आजूबाजूचे सुळके फार सुंदर दिसतात. पण आमची मिनीबस तेथे केवळ छायाचित्रे काढण्यापुरती थांबली आणि आपण काय पाहत आहोत हे सांगणारे कोणीही सोबत नव्हते. शामारेलची सात रंगांची माती हे बेसाल्टची, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाची, झीज होऊन त्यातील लोह व अ‍ॅल्युमिनियमची संयुगे मागे उरल्याचे अप्रतिम उदाहरण आहे. क्षेत्र लहान, कुंपण घातलेले आणि गर्दीचे असल्याने काहींची निराशा होते, म्हणून तेथे सकाळी लवकर पोहोचावे. ल मॉर्नचा ५५६ मीटर उंचीचा कडा आम्ही फक्त खालून पाहिला.

ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे १९९४ साली घोषित झालेले राष्ट्रीय उद्यान आहे. पॅकेजमध्ये त्याचे फक्त एक दर्शनस्थळ होते. तेवढ्या वेळातही दरीवर तरंगणारे, लांब शेपटीचे पांढरेशुभ्र समुद्रपक्षी दिसले. मात्र या उद्यानाचा खरा विषय पायवाटेने चालल्याखेरीज समजत नाही. बेटावरचे चांगल्या स्थितीतले मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे, आणि सातपुड्यात घाणेरीने जो उच्छाद मांडला आहे तोच येथे बाहेरून आणलेल्या चिनी पेरूने मांडलेला आहे. मॉरिशसचा ससाणा या जंगलाचा पक्षी. १९७४ मध्ये निसर्गात त्याचे केवळ चार पक्षी शिल्लक असल्याची नोंद होती आणि तेथून तो प्रयत्नपूर्वक वाचवला गेला. ज्या खानदेशात, शहाद्याजवळ, शतकभराहून अधिक काळ नामशेष समजला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये पुन्हा सापडला, तेथील लोकांना या हकिगतीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागू नये. ससाणा आम्हाला दिसला नाही, आणि इतक्या धावत्या भेटीत तो दिसण्याची अपेक्षाही करू नये.

या सहलीतील सर्वोत्तम अनुभव म्हणजे ‘इल ओ एग्रेत’. आग्नेय किनाऱ्यावर माहेबूर गावाजवळून छोट्या बोटीने गेले की काही मिनिटांत हे २६ हेक्टरचे राखीव बेट येते. ते स्वतः लाव्हाचे नसून प्रवाळाच्या चुनखडीचे आहे, परंतु मूळ किनारी जंगल कसे होते हे येथेच पाहायला मिळते. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ही संस्था या बेटाची देखभाल करते आणि तिचे मार्गदर्शक लहान गटांना सोबत घेऊन फिरवतात. आमची मार्गदर्शक प्रत्येक झाडापाशी थांबून, आमच्या आईला समजेल अशा सोप्या हिंदीतही सांगत होती, याचे मला विशेष कौतुक वाटले. पायवाटेच्या कडेला सेशेल्समधील अल्डाब्रा बेटांच्या जातीचे एक प्रचंड कासव पाने खात होते. मॉरिशसची स्वतःची महाकाय कासवे माणसाने संपवली, त्यामुळे त्यांनी पूर्वी केलेले बीजप्रसाराचे काम आता या पाहुण्या कासवांकडे सोपवले आहे. त्यांच्या विष्ठेतून पडलेल्या आबनूसाच्या बिया अधिक चांगल्या रुजतात. मार्गदर्शकाने वाकून पालापाचोळा बाजूला केला आणि बोटभर उंचीची, दोन-तीन कोवळ्या पानांची आबनूसाची रोपे दाखवली. त्याच वेळी वरच्या फांदीवर गुलाबी कबूतर येऊन बसले: फिकट गुलाबी छाती, तपकिरी पंख, तांबूस शेपूट आणि पायांत ओळख पटवण्यासाठी घातलेली रंगीत कडी. १९९०च्या सुमारास या जातीचे जेमतेम दहा पक्षी निसर्गात होते, आज ते काही शेकड्यांत आहेत. डोडो ज्या बेटावर कायमचा संपला, तेथेच हे घडले आहे.

या बेटाच्या भेटीचे शुल्क संवर्धनाच्या कामाला जाते आणि मला ते पूर्णपणे योग्य वाटले. आमच्या सहल कंपनीने मात्र ‘मुलांना तेथे कंटाळा येईल’ असे सांगून आम्हाला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. जहाजांच्या प्रतिकृती विकणाऱ्या दुकानात त्याहून अधिक वेळ गेला, आणि मुले कंटाळली ती तेथे. राहण्याची व शाकाहारी जेवणाची व्यवस्था चोख होती, वाहन वेळेवर येत असे. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु वन्यजीवनाच्या नावाने पैसे घेऊन त्याची माहिती असलेला एकही माणूस सोबत न देणे मला अप्रामाणिक वाटते. माझ्याकडून बेटाला पाचपैकी पाच आणि या पॅकेजला दोन गुण.

जाणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी इल ओ एग्रेत आणि ब्लॅक रिव्हर गॉर्जेसमधील पायी फेरी कार्यक्रमात लेखी घालून घ्यावी. भारतीय पारपत्रावर आगाऊ व्हिसा लागत नाही आणि मुंबईहून थेट विमान आहे. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा चढलेला असताना तेथे हिवाळा सुरू होत असतो, म्हणून हवा सुखद असते; जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा काळ टाळावा. दरीतील वाटा पावसाने निसरड्या होतात, तेव्हा चांगली पकड असलेले बूट आणि दुर्बीण घरूनच न्यावी.