नागावच्या घराचं कोडवालं कुलूप, चौदा महिने वापरून

आमचं नागावला छोटं घर आहे, दोन खोल्या, पडवी, मागे वाडीत आठ पोफळी. आम्ही राहतो ठाण्याला आणि बरेचसे शनिवार-रविवार ते घर पाहुण्यांना भाड्याने देतो. दाराला हे कोडवालं कुलूप बसवून चौदा महिने झाले, मधे एक अख्खा पावसाळा गेला म्हणून आत्ता लिहितोय, कारण मी घ्यायच्या आधी जे रिव्ह्यू वाचले ते सगळे "कालच बसवलं, मस्त आहे" टाइपचे होते, कोकणातल्या दारावर त्याचं काय होतं ते कुणी लिहिलेलंच नव्हतं. ब्रँडचं नाव टाकत नाही, माझं भांडण कंपनीशी कमी आणि दाराशी जास्त आहे.

आधी चावी शेजारच्या काकूंकडे असायची. पाहुणे सहाला निघणार, वडखळला अडकणार, पोचणार साडेअकराला आणि काकू तोवर पडवीत जागत बसणार. त्या कधी काही बोलल्या नाहीत, पण एकदा त्यांच्या सुनेने फोनवर "भावोजी, काल पुन्हा एक वाजला हं" एवढंच म्हटलं आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं.

मग आणला बाराशेचा चावीचा डबा, भिंतीत स्क्रूने बसवायचा, बटणं दाबली की झाकण उघडतं, आत चावी. दिसायला एकदम दणकट. पण घरी आणल्यावर कळलं की या बटणवाल्या डब्याला आकड्यांचा क्रम कळतच नाही, ४३७९ दाबा नाहीतर ९७३४, उघडतो तो उघडतोच. म्हणजे दहा बटणांतली चार म्हटली की जोड्या फक्त २१०. चाकं फिरवायच्या डब्यात दहा हजार असतात. सहावीतलं पोरगं नेटाने बसलं तर एका दुपारीत उघडेल. शिवाय नंबर बदलायचा तर डबा उघडून आतल्या खुंट्या हाताने फिरवायच्या, आणि त्यासाठी ठाण्याहून कोण जाणार, त्यामुळे तोच नंबर पाच महिने. शेवटी एका जुन्या पाहुण्यानेच फोन करून सांगितलं की माझा मित्र येऊन गेला, त्याला तुम्ही मला दिलेलाच नंबर दिलात, जरा बघा. खाऱ्या हवेने बटणं जाम झाली तेव्हा काकूंनी आपुलकीने खोबरेल सोडलं, आणि ते थंडीत थिजलं. २४ अंशांच्या खाली खोबरेल थिजतं हे शाळेत नाही, त्या डब्याने शिकवलं.

तर आता हे कुलूप. साडेनऊ हजार, बसवायचे वेगळे. यातली खरंच आवडलेली गोष्ट म्हणजे त्याला घरात वायफाय लागत नाही. मी ठाण्यात बसून ॲपवर शनिवार दुपारी एक ते रविवार अकरा असा कोड काढतो, ॲप ज्या गणिताने तो काढतं तेच गणित कुलपाच्या पोटातही आहे, त्यामुळे दोघांची गाठ न पडता नंबर जुळतो. फक्त कुलपाचं घड्याळ बरोबर पाहिजे, म्हणून गेलो की ब्लूटूथने वेळ लावून येतो. गोम अशी की कोड सुरू झाल्यापासून २४ तासांत एकदा तरी वापरावा लागतो, नाहीतर तो मरतो. एका कुटुंबाचं बुकिंग शुक्रवारपासून होतं, आले शनिवारी रात्री, आणि दारात उभे राहून लाल लाइट बघत बसले. दुसरं म्हणजे असा दिलेला कोड लांबून रद्द करता येत नाही, त्याला कुलूप इंटरनेटला जोडणारं वेगळं गेटवे नावाचं यंत्र घ्या, मग वायफाय घ्या, म्हणजे परत तेच.

आता जुलै. शनिवार, रात्रीचे सव्वानऊ, धो धो पाऊस, गावात लाइट नाही. कुलूप सेलवर चालतं त्यामुळे मी निवांत जेवत होतो. फोन आला, "दादा, हिरवा लाइट येतोय, आतून घर्र आवाजही येतोय, पण दार ढिम्म हलत नाही." सहा जण, त्यात एक आजी, पडवीत पावसाची झड येतेय. मी आपला कोड परत टाका, सेल असतील, पॉवरबँक लावून बघा, सगळं सांगून झालं. शेवटी काकूच टॉर्च घेऊन कुंपणातून आल्या. दार आमचं फणसाच्या लाकडाचं, पावसाने फुगलेलं, त्याचा सगळा भार कुलपाच्या जिभेवर आलेला, मोटर बिचारी ओढतेय पण जीभ सुटत नाही. काकूंनी हँडल धरून दार गच्च स्वतःकडे ओढलं, म्हणाल्या "टाका आता नंबर", खट्ट झालं, आणि मग खांद्याने एक धक्का. नंतर मला फोनवर, "दार आधी ओढायचं असतं, ते तुझ्या मोबाईलला काय ठाऊक?"

पुढच्या आठवड्यात सुतार बोलावला. त्याने कडेवर रंधा मारला, चौकटीतलं जिभेचं भोक कानशीने थोडं मोठं केलं, सहाशे घेतले आणि बजावलं की तासलेल्या कडेला वार्निश लावा, नाहीतर ती परत पाणी पिणार. खोक्यावर चार सेल वर्षभर चालतील असं लिहिलंय, पण दार घासत होतं तेव्हा दहा आठवड्यांत संपले, नंतरचे सात महिने गेले. स्वस्तातले पेन्सिल सेल घालू नका, अल्कलाइनच घ्या. फिंगरप्रिंट मी बंदच केलाय, समुद्रावरून ओल्या वाळूच्या हाताने आलेल्या माणसाचं बोट त्याला ओळखता येत नाही.

पाहुण्यांना पाठवायच्या मेसेजमध्ये आता गेटचा फोटो, दाराचा फोटो आणि कोडच्याही आधी "दार स्वतःकडे ओढा" हे आहे. कुलपाखाली रबरी झाकणाच्या आत चार्जिंगचं भोक आहे, सेल संपले तर तिथे पॉवरबँक लावून दार उघडतं, तेही लिहिलंय. ते झाकण कुणी नीट लावत नाही तो भाग वेगळा.

आणि आधारचे फोटो व्हॉट्सॲपवर आले तरी कोण आलंय ते बघायला माणूस लागतोच. मागे सान होजेहून एक मराठी कुटुंब आलं, बोलणं इतकं पुणेरी की पासपोर्ट अमेरिकन असेल हे डोक्यातच आलं नाही. परदेशी पासपोर्टवाले उतरले की त्यांची माहिती सरकारला कळवायचा फॉर्म २४ तासांत भरायचा असतो, कुलूप त्यातलं काही सांगत नाही. वाडीतून आंबोळ्या द्यायला गेलेल्या काकूंनी सहज सांगितलं म्हणून कळलं, मग रात्री बसून भरला.

जादाची चावी काकूंच्याच खुंटीला आहे, त्यांना महिन्याचे पैसे आता रीतसर देतो, जे आधीच द्यायला हवे होते. जागत मात्र त्या बसत नाहीत.

कुलपाला साडेतीन स्टार, सुताराला पाच. चावीचा डबा काढून टाकला होता, तो काकूंनी मागून घेतला. नातवापासून लपवून त्यात खडीसाखर ठेवतात. नातू सहावीत आहे.