साधे लेअर की मेकॅनिकलचे आपोआप लेअर: यंत्रभागांच्या ड्रॉइंगसाठी काय निवडावे?

यंत्रभागाच्या अगदी साध्या ड्रॉइंगमध्येही बाह्यरेषा, लपलेल्या रेषा, सेंटर लाइन, हॅच (छेद दाखवणाऱ्या तिरक्या रेषा), मापे आणि मजकूर असतो, आणि यांतील प्रत्येकासाठी स्वतंत्र लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखा थर, हवा याबद्दल सहसा कोणाचे दुमत नसते. मतभेद होतात ते प्रत्येक वस्तू योग्य लेअरवर ठेवण्याचे काम कोणी करायचे, यावरून. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या साध्या रूपात ते ड्राफ्ट्समनने करायचे असते. यंत्रभागांसाठीच्या ऑटोकॅड मेकॅनिकलमध्ये त्यातले बरेचसे प्रणालीच करते. मार्च २०१८ मध्ये आलेल्या २०१९ च्या आवृत्तीपासून हे मेकॅनिकल, टूलसेट (जोडसंच) म्हणून, ऑटोकॅडच्या वर्गणीतच मिळत असल्याने, ज्यांच्याकडे विंडोजवर पूर्ण ऑटोकॅड आहे त्यांच्यापुढे वेगळ्या खर्चाचा प्रश्न उरलेला नाही. एलटी या ऑटोकॅडच्या छोट्या आवृत्तीत हा टूलसेट नाही, तेव्हा तिथे निवडीला वावच नाही.

साध्या पद्धतीत नवी वस्तू चालू लेअरवर, म्हणजे त्या वेळी कामासाठी निवडलेल्या लेअरवर, पडते, आणि चुकांचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. भोसरीतील एका टूलरूमसाठी ८ मिमी जाडीच्या प्लेटचे ड्रॉइंग करताना दोन छिद्रांमधली सेंटर लाइन मी बाह्यरेषेच्याच लेअरवर काढली आणि नंतर फक्त तिचा लाइनटाइप (रेषेचा प्रकार) बदलला. पडद्यावर ती व्यवस्थित रेषा-ठिपका अशीच दिसत होती. लेझर कटिंगसाठी बाह्यरेषेचा लेअर तेवढा दिसता ठेवून, दिसेल ते सगळे निवडून डीएक्सएफ (कटिंग यंत्राला द्यायची फाइल) काढली, तेव्हा ती रेषाही सोबत गेली आणि प्लेट एका छिद्रापासून दुसऱ्या छिद्रापर्यंत तुटक तुटक कापली गेली. रंग, लाइनटाइप आणि जाडी ‘बायलेअर’, म्हणजे लेअरप्रमाणेच, ठेवण्याचा आग्रह जुने ड्राफ्ट्समन का धरतात, हे मला त्या दिवशी कळले: रेषा चुकीच्या लेअरवर असेल तर ती दिसायलाही चुकीचीच दिसली पाहिजे.

साध्या ऑटोकॅडमध्ये यावर उपाय नाही असे मात्र नाही. २०१६ च्या आवृत्तीत आलेल्या ‘डिमलेअर’ या सेटिंगमुळे मापे ठरवलेल्या लेअरवर जातात, हॅचसाठी ‘एचपीलेअर’ आहे, आणि २०१७ मध्ये सेंटर मार्कच्या नव्या कमांडबरोबर ‘सेंटरलेअर’ही आले. योग्य नावांचे लेअर आणि ही तीन सेटिंग नीट लावून एक टेम्प्लेट (नव्या ड्रॉइंगसाठीची तयार फाइल) केले, तर निम्मा त्रास वाचतो. तरीही बाह्यरेषा आणि लपलेल्या रेषा यांच्यात फरक करणे हाताच्या सवयीवरच राहते, आणि यंत्रभागाच्या ड्रॉइंगमध्ये जास्तीत जास्त रेषा याच दोन प्रकारच्या असतात.

मेकॅनिकलमध्ये त्याच्या स्वतःच्या कमांडने माप दिले की ते ‘एएम_५’ या लेअरवर, सेंटर लाइन ‘एएम_७’ वर आणि हॅच ‘एएम_८’ वर जाते. लेअर आधीपासून नसेल तर तो त्याच वेळी तयार होतो. बाह्यरेषेसाठी ‘एएम_०’ आहे. ड्रॉइंगच्या आंतरराष्ट्रीय मानकांच्या आयएसओ १२८ मालिकेत यांत्रिक ड्रॉइंगच्या जाड व बारीक रेषांचे प्रमाण २:१ धरलेले आहे, म्हणजे बाह्यरेषा ०.५ मिमी असेल तर मापांची रेषा ०.२५ मिमी. ही जाडी लेअरमध्येच बसलेली असल्याने छापील प्रतीत एकसारखेपणा येतो. कोणती वस्तू कोणत्या लेअरवर जावी हे ‘एएमऑप्शन्स’ या कमांडमध्ये बदलून टेम्प्लेटमध्ये साठवता येते. मात्र साध्या लाइन कमांडने काढलेली रेषा इथेही चालू लेअरवरच पडते. ‘सगळे आपोआप होते’ या भरवशावर राहणारा ड्राफ्ट्समन इथे फसतो. शिवाय ‘एएम_७’ म्हणजे काय हे नव्या माणसाला नावावरून कळत नाही, ‘सेंटर’ असे नाव असते तर लगेच कळते. माझ्या मते ही गैरसोय आठवडाभराची आहे, त्यापेक्षा जास्त नाही.

खरी अडचण फाइल बाहेर जाते तेव्हा येते. ग्राहकाने स्वतःची लेअरनावे ठरवून दिलेली असतील तर लेअर ट्रान्सलेटरने नावांची जुळणी करता येते, पण ती प्रत्येक ग्राहकासाठी आधी बसवावी लागते. मेकॅनिकलच्या खास वस्तू समोरच्याकडच्या साध्या ऑटोकॅडमध्ये प्रॉक्सी, म्हणजे मूळ वस्तूच्या जागी नुसती प्रतिकृती, म्हणून उघडू शकतात. त्या दिसतात, पण त्यांत नीट बदल करता येत नाही.

त्यामुळे एकाच कार्यालयात तीन-चार जण दिवसभर फिक्श्चर (काम करताना भाग धरून ठेवणारी साधने) आणि सुटे भाग यांची ड्रॉइंग काढत असतील, आणि बाहेर मुख्यतः पीडीएफ व कटिंगची डीएक्सएफ जात असेल, तर मी निःसंकोच मेकॅनिकलचे लेअर घेण्यास सांगेन. ग्राहकाच्याच डीडब्ल्यूजीमध्ये (ऑटोकॅडच्या मूळ फाइलमध्ये) बदल करून ती परत द्यायची असेल, तर साधे लेअर आणि काटेकोर टेम्प्लेट बरे. दोन्हींपैकी काहीही घेतले, तरी नको असलेला लेअर नुसता बंद न करता फ्रीज करावा (म्हणजे त्यावरच्या वस्तू निवडल्याच जात नाहीत), कारण निवडताना ‘ऑल’ दिले की बंद लेअरवरच्या न दिसणाऱ्या वस्तूही निवडल्या जातात आणि इरेज केल्यावर त्यांच्यासकट पुसल्या जातात.