नदीचा ऑक्सिजन मोजायचं किट: बाटली भारी, पट्ट्या बेकार

आधीच सांगतो भाऊ, घ्यायचं असेल तर बिनधास्त घ्या, दोन हजाराच्या आत पडते, पण सोबतच्या रंगीत पट्ट्यांच्या भरवशावर घेऊ नका, पीएच सात आहे की आठ हे त्यात देवालाही कळत नाही. खरा माल म्हणजे ती काचेची छोटी बाटली. पाणी काठोकाठ भरायचं, आत एकही बुडबुडा नको, मग दोन रसायनांचे थेंब टाकायचे आणि झाकण लावून हलवायचं. पाण्यात ऑक्सिजन असला की फाटलेल्या दुधासारखा तपकिरी साका बसतो. थंडीत कामठीला कन्हानचं पाणी घेतलं तर गडद तपकिरी आला, मे महिन्यात नागपूरच्या नाग नदीचं घेतलं तर साका पांढराच राहिला, म्हणजे ऑक्सिजन जवळपास शून्य. पुढे ॲसिड, मग स्टार्च टाकून पाणी निळं झालं की तो रंग जाईपर्यंत थायोसल्फेट या रसायनाचे थेंब मोजत बसायचं, जितके थेंब जास्त तितका ऑक्सिजन जास्त. ॲसिड आहे बरं, घरात पोट्टे असतील तर वर ठेवा.

थंडी-उन्हाळ्याचा फरक मात्र मस्त पकडते. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमपर्यंत ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशाला साडेसातच, त्यात उन्हाळ्यात धार आटलेली आणि सांडपाणी तेवढंच, मग माशांना लागतात ते चार-पाच मिलिग्रॅम उरणार कुठून. पहिल्या पावसानंतरही मोजून बघा, नाल्यांचा साचलेला गाळ ढवळून येतो, ऑक्सिजन पडतो, मासे वर येऊन तोंड मारतात आणि लोकं म्हणतात कोणीतरी औषध टाकलं बे. भर पावसाळ्यात गढूळ पाण्यात रंगच नीट दिसत नाही, तिथं किट कमी पडते.

वेळ एकच ठेवा. फुटाळा तलावासारख्या हिरव्या पाण्यात दुपारी शेवाळामुळे आकडा फुगलेला येतो, पहाटे तोच आपटतो, मासे मरतात ते पहाटे, म्हणून मी सूर्य उगवायच्या आतच पाणी घेतो. आणि किट घेताना रसायनात अझाइड आहे का ते बघा, ते नसलं तर नाल्याच्या पाण्यातल्या नायट्राइटमुळे आकडा उगाच वाढून दिसतो.

तक्रार एकच, पण मोठी आहे. माहितीचा कागद मुंगीएवढ्या अक्षरात, तोही पूर्ण इंग्रजी, आणि स्टार्चच्या बाटलीत एप्रिलमध्येच बुरशी धरली. दुकानदार म्हणतो फ्रीजमध्ये ठेवायची होती, मग डब्यावर लिहायला काय झालं होतं? बाकी रसायनांचं रीफिल मिळते, स्टार्चचं नाही. चिमूटभर कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून उकळा आणि गार करून वापरा, निळा रंग तसाच येतो, फक्त दर वेळी ताजं बनवा.