घरच्या डिलिव्हरीचं सामान, नेदरलँड्स: क्रामपकेट घ्यावं का आणि बाकीचं स्वस्तात कुठून

आधीच सांगून टाकते, क्रामपकेट (बाळंतपणाच्या सामानाचा तयार खोका) घ्या, पण महागातलं घेऊ नका आणि फक्त त्याच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. माझ्याकडून 5 पैकी साडेतीन. आता सविस्तर लिहिते कारण इथे आइंडहोवनला आपल्या ओळखीतल्या ज्या ज्या मुलीला दिवस जातात ती मला हेच विचारते की नक्की घ्यायचं काय, आणि मला तेच तेच व्हॉइस नोटमध्ये बोलून कंटाळा आलाय.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई परदेशात जाऊन घरी कशाला बाळंत झाली. इकडे घरी डिलिव्हरी हा नेहमीच्या सिस्टीमचाच भाग आहे. सगळं नॉर्मल असेल तर नऊ महिने तपासण्या मिडवाइफकडेच होतात (डच लोक फरलॉसकुंडिगे म्हणतात, मला अजून नीट म्हणता येत नाही), आणि 37 आठवडे पूर्ण झाल्यापासून 42 पर्यंत कधीही कळा सुरू झाल्या की ती घरी येते. बीपी वाढलं, बाळ पायाळू आहे, आधीचं सिझेरियन आहे, जुळं आहे, की विषय तिथेच संपला, हॉस्पिटल. पहिलटकरणींना तर घरी सुरुवात करूनही पुष्कळदा मधेच हलवतात, त्यामुळे हॉस्पिटलची बॅग आणि बाळाची कारसीट दाराशी तयार ठेवावीच लागते, बाळंतपणाच्या सामानाची इथे जी यादी असते तिच्यात ते पण असतं. पैशाचं म्हणाल तर मिडवाइफचा खर्च बेसिक इन्शुरन्समधून जातो आणि 385 युरोचं डिडक्टिबल (वर्षातला जो पहिला खर्च आपण भरायचा तो) तिच्या फीला लागत नाही. (अँब्युलन्सला आणि औषधांना लागतं, हे कोणी आधी सांगत नाही.) उलट काही मेडिकल कारण नसताना मला हॉस्पिटलमध्येच करायचंय म्हणालात तर काही शे युरो आपल्या खिशातून. म्हणजे घरीच स्वस्त. फक्त मिडवाइफ येताना गादी आणि बादली घेऊन येत नाही, ते आपलं आपण बघायचं.

तर क्रामपकेट म्हणजे एक मोठा खोका, त्यात डिलिव्हरी आणि नंतरच्या आठवड्याचं डिस्पोजेबल सामान. खाली अंथरायची शोषून घेणारी शीट्स, गादीवर घालायचं प्लास्टिक कव्हर, बाळंतिणीचे मोठे पॅड, निर्जंतुक गॉज, कापूस, नाळेचा चिमटा, 70 टक्क्यांचं अल्कोहोल, जाळीच्या चड्ड्या वगैरे. काही इन्शुरन्सवाले फुकट पाठवतात, काही फक्त जादा पॅकेज घेतलं असेल तरच, आणि ते बघायला त्यांच्या साइटवर अर्धा तास घालवायला लागतो. माझ्या पॅकेजात नव्हतं. मैत्रिणीचा इन्शुरन्स दुसरा, तिला आयतं घरपोच आलं. मग मी ऑनलाइन मागवलं, साधारण 45 युरोचं. त्याच दुकानात 90 चं 'लक्झरी' पण होतं, त्यात जास्तीचं काय तर सुगंधी मसाज ऑइल, मेणबत्ती, आणि बाळासाठी एक टेडी. बाई कळा देत असताना मेणबत्ती कोण लावतं मला भेटायचंय त्या माणसाला.

खोका चांगलाच आहे, खोटं कशाला बोलू. नाळेचा चिमटा, गॉज, अल्कोहोल या गोष्टी सुट्या शोधत फिरायच्या म्हणजे डोक्याला ताप, इथे एका जागी मिळतात. शीट्स पण चांगल्या जाड होत्या. कमी पडतं ते पॅडमध्ये. जेवढे दिले होते तेवढे पहिल्या दोन दिवसांत उडाले, आणि आपल्याला माहितीच आहे ते प्रकरण काही आठवडे चालतं. त्यामुळे क्राउडफाट किंवा एटॉस या औषध-कॉस्मेटिकवाल्या दुकानांच्या स्वतःच्या ब्रँडचे आणखी पॅक आधीच आणून ठेवा, ऑफरला एकावर एक असतात तेव्हा. आणि हो, पहिल्या दिवसांसाठी मोठ्या माणसांचे डायपर-पँट येतात ना, त्याचं एक पाकीट. लाज वाटली घेताना, पण रात्री उठून चादर बदलायला लागली नाही. शीट्सचं पण एक जास्तीचं पाकीट घ्या, त्या नंतर बाळाचं लंगोट बदलताना खाली घालायला होतात, वाया काहीच जात नाही. जाळीच्या चड्ड्या मात्र भंपक. मापं कुठल्या देशाची आहेत देव जाणे.

मिडवाइफ स्वतः काय आणते ते आधी विचारून घ्या म्हणजे भलतंसलतं विकत घेतलं जाणार नाही. बाळाचे ठोके ऐकायचं मशीन, कात्री-चिमटे, टाके घालायचं सामान, रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन, बाळाला श्वास द्यायची पिशवी, वजनकाटा, बसून कळा देण्याचं ते घोड्याच्या नालेसारखं स्टूल, हे सगळं तिच्या बॅगांमध्ये असतं. इंटरनेटवर 'होम बर्थ किट' म्हणून कात्र्यांसकट जे काय विकतात ते आपल्या कामाचं नाही. भाड्याचा टब पण मिळतो पाण्यात बाळंत व्हायला, पण शंभराच्या वर भाडं, वर पाइप आणि लायनर वेगळं. आम्ही शॉवरखाली प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. भागलं.

आता पलंग. यावर जरा जास्त लिहिते कारण सगळ्यांचं घोडं इथेच अडतं. इकडे नियम असा की बाळंतिणीचा पलंग जमिनीपासून किमान 80 सेंटिमीटर उंच पाहिजे, मोजायचा गादीच्या वरच्या कडेपर्यंत. कारण तुमच्या सोयीचं नाही, मिडवाइफ आणि नंतर येणारी क्रामझोर्गची बाई (घरी येऊन बाळ-बाळंतिणीची काळजी घेणारी) यांची कंबर वाचावी म्हणून, आणि ते मला पटलं पण, दिवसभर वाकून काम करायचं म्हणजे खेळ आहे का. आणि हे हॉस्पिटलला बाळंत होणाऱ्यांना पण लागू बरं का, कारण घरी आल्यावर क्रामझोर्ग येतेच. आपले पलंग सगळे बुटके. त्यासाठी पायाखाली ठेवायचे उंच ठोकळे मिळतात, क्लोसन म्हणतात, थाउसझोर्ग म्हणजे पेशंटचं सामान भाड्याने देणाऱ्या दुकानात. काही आठवडे ठेवता येतात, भाडं पंचवीस-तीस युरो पडलं आणि डिपॉझिट परत मिळालं. जायच्या आधी पलंगाचे पाय मोजा, गोल की चौकोनी, जाडी किती, आणि मधोमध पाचवा पाय आहे का ते पण बघा. चार ठोकळे आणले आणि पाचवा पाय लोंबकळतोय अशी गत एका घरात झालेली आहे.

शेजारचे डच आजोबा म्हणाले भाडं कशाला देता, बिअरचे क्रेट लावा, आमच्या तिन्ही मुलांच्या वेळी तेच लावले होते. इथे ही जुनी पद्धत आहे खरी, आणि हिशोब पण भारी, 24 बाटल्यांच्या क्रेटवर 3.90 युरो डिपॉझिट असतं ते रिकामा परत केला की मिळतं, म्हणजे फुकटच की. नवऱ्याला आयडिया फारच आवडली, विशेषतः चार क्रेट रिकामे करायचा भाग. पण पलंग हलता कामा नये ही मुख्य अट, क्रामझोर्गवाली आल्याआल्या हलवून बघते आणि डुगडुगला तर कामाला हात लावत नाही. आमचा पाय क्रेटच्या कडेवर नीट बसत नव्हता. ठोकळेच आणले.

गादीसाठी खोक्यातलं प्लास्टिक कव्हर पातळ असतं. त्याखाली अ‍ॅक्शन नावाच्या स्वस्त दुकानातला शॉवरचा पडदा अंथरा, दोनतीन युरोला येतो, त्यावर जुनी चादर, त्यावर शीट. नंतर गुंडाळून सरळ कचऱ्यात. अ‍ॅक्शनमधूनच दोन बादल्या, जाड कचऱ्याच्या पिशव्या, आणि सॉसची पिळायची बाटली घेतली. बाटली कशाला तर लघवीला जाताना कोमट पाणी सोडायला, टाक्यांना आग होते ना. डच बायका हे एखादं सिक्रेट असल्यासारखं सांगतात, आपल्याकडे तांब्या असतोच बाथरूममध्ये. शिवाय एक प्रखर दिवा लागतो टाके घालायला. इथल्या बेडरूमचे दिवे म्हणजे सगळे मूड लायटिंगवाले. विकत नका घेऊ, अभ्यासाच्या टेबलावरचा वाकवता येणारा दिवा वर आणून ठेवला तरी चालतो.

मग क्राउक. ही वस्तू मी इकडे यायच्या आधी कधी पाहिली नव्हती आणि आता सगळ्यांना कौतुकाने दाखवते. धातूची गरम पाण्याची बाटली, बाळाचा पाळणा उबदार ठेवायला, यादीत दोन लिहिलेल्या असतात. नव्या घेतल्या तर प्रत्येकी वीसच्या पुढे. मी मार्क्टप्लाट्सवर (जुन्या वस्तू विकायची साइट) एका आजींकडून जोडी दहा युरोला घेतली, त्यांनी वर विणलेली टोपरी पण दिली दोन. क्रिंगलोप म्हणजे जुन्या सामानाच्या दुकानात पण हमखास दिसतात. जुनी घेतलीत तर झाकणातलं रबर बदला, एक-दोन युरोचं काम आहे पण ते टाळू नका. उकळतं पाणी अगदी काठोकाठ भरायचं, घट्ट बंद करायचं, उलटी धरून गळतेय का बघायचं, कापडी पिशवी घालायची, आणि बाळापासून दहा सेंटिमीटर लांब, झाकण पायाकडे करून पांघरुणाच्या वर ठेवायची. रबराची पिशवी बाळाजवळ ठेवू देत नाहीत. आईने आपली शेकायची लाल पिशवी सांगलीहून मुद्दाम आणली होती, क्रामझोर्गवालीने ती हसून बाजूला केली आणि माझ्या कमरेला दिली.

कपड्यांत पैसे घालवू नका. हेमा या दुकानातले रोम्पर (बाळाचे बॉडीसूट) 50 आणि 56 मापाचे थोडेच, सुती टोपरी, आणि पातळ सुती चौकोनी कापडं, हायड्रोफील म्हणतात, ती जरा जास्त. आईने जुन्या सुती साड्यांची दुपटी आणि लंगोट शिवून आणले होते, कापडाला तोड नाही, पण दुपट्यात गच्च गुंडाळायला इथे नको म्हणतात. जुनं काय चालतं आणि काय नाही याबद्दल माझं मत पक्कं आहे, पाळणा, कपडे, बाथटब जुना बिनधास्त घ्या, पाळण्याची गादी नवी घ्या, आणि कारसीट ओळखीच्या घरातली नसेल तर जुनी नको, कारण तिला अपघात झालाय का हे बघून कळत नाही.

मोठ्या बेबी शॉपचं नाव घेत नाही, पण तिथल्या 'होम बर्थ' च्या शेल्फवर जे काही होतं त्यातलं प्रत्येक सामान मला दुसरीकडे निम्म्यात किंवा त्याहून कमी किमतीत मिळालं. वर तिथली मुलगी मला थर्मामीटरचं तीन प्रकारचं मॉडेल दाखवत होती. बाळाचं तापमान गुदद्वारातून घेतात, त्याला साधा डिजिटल पाच-सात युरोचा पुरतो, कपाळाला लावायचा नकोच असतो त्यांना.

बाळंतिणीच्या खाण्याचं सामान कुठल्याच डच यादीत नसतं. अळीव, डिंक, खारीक, बाळंतशेपा आईने आणलं. तूप मात्र आणू नका, युरोपच्या बाहेरून दुधाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, सापडलं तर फेकतात. सुपरमार्केटातलं बिनमिठाचं रूमबोटर, म्हणजे लोणी, कढवलं की उत्तम तूप होतं, आईने सुद्धा मान्य केलं, आणि ती सहसा काही मान्य करत नाही. द हेगच्या सुरिनामी-हिंदुस्तानी दुकानांत डाळी, पिठं, मसाले सगळं मिळतं, जवळ असाल तर तिकडे जा. गंमत म्हणजे इथे बाळ झालं की पाहुण्यांना कडक टोस्टवर लोणी लावून वर साखरेत घोळवलेली बडीशेपेच्या जातीची अ‍ॅनिस देतात, मुलगी असली तर गुलाबी-पांढरी, मुलगा असला तर निळी-पांढरी, आणि जुन्या लोकांचं म्हणणं की त्याने दूध वाढतं. आईने एक दाणा चावला आणि म्हणाली, हे आपल्यासारखंच निघालं की. हा डबा आधीच आणून ठेवा, क्रामझोर्गवाली पहिल्याच दिवशी विचारते कुठाय म्हणून.

ओवा-शेपाच्या धुरीचं काय ते आधी ठरवा. 1 जुलै 2022 पासून इथे प्रत्येक मजल्यावर स्मोक अलार्म सक्तीचा आहे, आणि तो धुरी आणि आग यात फरक करत नाही. शिवाय बाळाच्या खोलीत धूर नको हे क्रामझोर्गवालीने आईला इतक्या गोड आवाजात सांगितलं की आईला रागवता पण येईना. गुटी आणि मध पण नाही, फक्त व्हिटॅमिनचे थेंब.

क्रामझोर्गचं रिव्ह्यू वेगळं लिहायला पाहिजे खरं तर, ती बाई म्हणजे सोनं. साधारण आठ दिवसांत 49 तासांच्या आसपास मिळतात, कमीत कमी 24, तासाला पाच युरोच्या वर आपला वाटा. तिसऱ्या महिन्यातच नाव नोंदवा, उशीर केला तर उन्हाळ्याच्या सुट्टीत माणसं मिळत नाहीत. सामान बरोबर आणलंय की नाही ते ती लोकं आधी फोन करून किंवा घरी येऊन बघतात, तेव्हा पावत्या फाडू नका, जे नको म्हणतील ते परत करता येतं.

सगळं मिळून, कपडे आणि कारसीट सोडून, दीडशे युरोच्या आत बसलं. 34-35 व्या आठवड्यापर्यंत सगळं एका खोक्यात भरून पलंगाजवळ ठेवा आणि नवऱ्याला कुठे काय आहे ते दाखवा, कारण त्या वेळी तुम्हाला कोणी विचारलं गॉज कुठाय, तर तुम्ही जे उत्तर द्याल ते लिहिण्यासारखं नसतं. माझ्याकडे न उघडलेली दोन पाकिटं शीट्सची उरली होती, ती पुढच्या मैत्रिणीला गेली. क्राउक मात्र विकणार नाहीये, जानेवारीत माझ्याच पायाशी लागतात.