जुन्या फोटोतली विलायती मोटरसायकल: आधी नंबर वाचावा की इंजिन?

आमच्या घरात कुठल्याही जुन्या फटफटीला 'बुलेट' म्हणतात. काका शिकायला इंग्लंडला होते तेव्हाचा एक फोटो आहे. विटांच्या घरांची रांग, कोट-टायमधले काका मोटरसायकलवर, पुढच्या चाकाशी ओव्हरकोट घातलेला मित्र. मागे फाउंटन पेनने 'मी व बाळू' एवढंच. साल नाही, गाव नाही, आणि टाकीवरचं नाव नेमकं काकांच्या गुडघ्याआड. काकूंना विचारलं की उत्तर ठरलेलं: "बुलेट."

असा फोटो हाती असेल तर मुख्य वाटा दोनच. नंबरप्लेट वाचायची आणि कागदांच्या मागे लागायचं, किंवा भिंग घेऊन इंजिनाशी बसायचं. मी दोन्ही करून पाहिलं, आणि बहुधा उलट्या क्रमाने.

नंबरचा मोह सहज पडतो, कारण ब्रिटिश मोटरसायकलींना 1975 पर्यंत पुढच्या मडगार्डवर, चाकाच्या रेषेत उभी पाटी असायची. बाजूने काढलेल्या फोटोत ती अगदी समोर येते. तीन अक्षरं असतील तर 1932 किंवा त्यानंतरची नोंदणी, कारण तीन अक्षरी नंबर तेव्हा सुरू झाले. त्यांतली शेवटची दोन अक्षरं नोंदणीचं ठिकाण सांगतात: व्हीसी किंवा आरडब्ल्यू म्हणजे कॉव्हेंट्री, जेडब्ल्यू म्हणजे वुल्व्हरहॅम्प्टन. शेवटी सालाचं अक्षर 1963 पासून यायला लागलं आणि 1965 पासून सगळीकडे आलं. म्हणजे ते नसेल तर गाडी साधारण त्याआधीची. पाच मिनिटांत एवढं कळतं आणि आपल्याला वाटतं, आता काय, अर्धं काम झालं.

तसं होत नाही. आपल्याकडे आरटीओत असतात तशा या नोंदी तिकडे स्थानिक कौन्सिलांच्या वह्यांत होत्या. सत्तरच्या दशकात कारभार स्वान्सीला एका ठिकाणी गेला, 1983 पर्यंत ज्या गाड्या तिथल्या संगणकावर चढल्या नाहीत त्यांचे नंबर बाद झाले, आणि जुन्या वह्यांपैकी काही जिल्ह्यांच्या दफ्तरखान्यांत पोचल्या, बऱ्याचशा रद्दीत गेल्या. शिवाय तिकडे नंबर एका गाडीवरून दुसरीवर नेता येतो, त्यामुळे आज तो नंबर कुठे सापडला तरी गाडी तीच असेल असं नाही. हेही मी पोटात घातलं असतं. आमच्या फोटोत बाळूच्या ओव्हरकोटाने पहिलं अक्षर झाकलंय, तेही चाललं असतं. सगळी अक्षरं लावून बघू म्हटलं. पण एका दफ्तरखान्याला पत्र पाठवलं, सहा आठवडे वाट पाहिली, आणि आला तो एक फॉर्म. त्यात पहिलाच रकाना: गाडीची कंपनी कोणती?

अहो, तेच तर विचारतोय. त्या संध्याकाळी मी नंबर बाजूला ठेवला आणि फोटो मोठा करून स्कॅन केला.

इंजिनाच्या वाटेवर आधी एक तपासणी करावी, ती मी सुरुवातीला विसरलो होतो: फोटो उलटा तर छापलेला नाही ना? त्या काळच्या बहुतेक विलायती गाड्यांत टायमिंग कव्हर (इंजिनातल्या टायमिंगच्या चाकांवरचं झाकण) उजवीकडे, गिअरचा पायटा उजवीकडे, प्रायमरी चेनची (इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या साखळीची) पेटी डावीकडे. निगेटिव्ह उलटी ठेवली की सगळं फिरतं. पाटी वाचता येत नसेल तर कोटाची बटणं बघा. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू वर असते. आमच्या फोटोत बटणं ठीक होती आणि उजवी बाजू समोर होती. हे नशीब. डाव्या बाजूचा फोटो असेल तर इंजिनाची वाट निम्मी लंगडी पडते, हे कबूल करतो.

पुढचं काम गाळणीचं. सिलिंडर एकच, त्यामुळे ट्रायम्फ आणि बीएसए या ब्रिटिश कंपन्यांच्या ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरच्या गाड्या, गळाल्या. सिलिंडरच्या उजव्या अंगाला पुशरॉडच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या, दोन वेगळ्या नळ्या. बीएसएच्या बी31 मध्ये दोन्ही पुशरॉड एकाच रुंद नळीत असतात, म्हणून तीही गेली. सीटखाली तेलाची वेगळी टाकी, तिच्यापासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळ्या स्पष्ट. इथे काकूंची बुलेट गेली, कारण एन्फिल्डच्या बुलेटमध्ये तेल इंजिनाच्याच ओतीव अंगात, क्रँककेसच्या मागच्या कप्प्यात असतं. हे काकूंना मी लगेच सांगितलं नाही.

टायमिंग कव्हरचा आकार आणि फोर्कची ठेवण बघता गाडी एएमसीची, म्हणजे मॅचलेस आणि एजेएस या दोन्ही नावांनी गाड्या काढणाऱ्या कंपनीची, दिसत होती. मॅचलेसवाल्या कॉलियर बंधूंनी 1931 मध्ये एजेएस विकत घेतली आणि तिचं काम वुल्व्हरहॅम्प्टनहून लंडनच्या प्लमस्टेडला आणलं. युद्धानंतर एकाच कारखान्यातून जवळजवळ एकच गाडी दोन नावांनी निघायची. टाकी झाकलेली असताना नाव कसं सांगणार? त्याला एक सुंदर खूण आहे. एजेएसचा मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज बनवणारा भाग) सिलिंडरच्या पुढे, मॅचलेसचा मागे. 1952 मध्ये मॅचलेसचाही पुढे आणला आणि ही खूण बुजली.

फोटोत मॅग्नेटो पुढे होता. म्हणजे एजेएस, किंवा मग 1952 नंतरची कुठलीही. निकाल मागच्या शॉकअपने लावला. या कंपनीने मागचं सस्पेन्शन 1949 मध्ये आणलं तेव्हा शॉकअप मेणबत्तीसारखे बारीक होते, तिकडे त्यांना कँडलस्टिकच म्हणतात. 1951 पासून जॅमच्या बरणीसारखे जाड आले, त्यांचं नाव जॅमपॉट. काकांच्या बुटामागे दिसतो तो बारीक. मॅग्नेटो पुढे आणि शॉकअप बारीक, म्हणजे एजेएस, 1949 किंवा 50. दोन संध्याकाळी, एक भिंग आणि चहा.

अर्थात माझी गाडी ओळखायला सोपी होती असंही कोणी म्हणेल. 350 की 500 हे अशा फोटोवरून सांगणं कठीणच. लोक टाक्या बदलायचे, इंजिनंही. ट्रायम्फचं इंजिन नॉर्टनच्या फ्रेममध्ये बसवलेल्या गाडीला तर ट्रायटन असं नावच पडलं. त्यामुळे एका भागावर कधी विसंबू नये, निदान दोन खुणा जुळल्या पाहिजेत. आणि पाटी पूर्ण वाचता येत असेल, त्या कौन्सिलची वही खरंच शिल्लक असेल, तर नोंदणीची तारीख आणि पहिल्या मालकाचं नाव देण्याची ताकद नंबरातच आहे, इंजिनात नाही. तुम्हाला माणूस शोधायचा असेल तर नंबरामागे जा. गाडी ओळखायची असेल तर मी तरी आधी मॅग्नेटो बघेन. त्या फॉर्मचा पहिला रकाना भरायलाही तेच बरं.

तो फॉर्म आता भरून पाठवलाय. काकूंना फोटोत मॅग्नेटो दाखवला, शॉकअप दाखवला, बुलेटचं तेल कुठे असतं तेही सांगितलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "बाळू किती बारीक होता रे तेव्हा." मग फोटो परत देताना, "जपून ठेव. बुलेटवरचा हा एकच आहे."